दुर्बिणीच्या तपासणीतील गुंगी : सुरक्षिततेचा मागोवा

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग तोंडावाटे दुर्बीण घालून पाहण्याची तपासणी, म्हणजेच एंडोस्कोपी, लवचीक दुर्बिणीमुळे सर्वदूर पोहोचली. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात बॅसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये काचतंतूंची दुर्बीण वापरून दाखवली आणि मोजक्या तज्ज्ञांपुरती असलेली ही तपासणी पुढील दोन दशकांत सर्वसाधारण रुग्णालयांत होऊ लागली. मात्र शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवणारा भूलतज्ज्ञ असतो, तसा या तपासणीच्या खोलीत बहुधा नसे. गुंगीचे इंजेक्शन देणारा आणि दुर्बीण चालवणारा डॉक्टर एकच असे, आणि पुढील अडचणींचे मूळ बरेचसे याच व्यवस्थेत होते.

प्रारंभी डायझेपाम हे औषध शिरेतून दिले जाई. त्याने भीती कमी होई, पण शिरेची आग होई आणि गुंगीचा अंमल बराच वेळ टिके. १९८०च्या दशकात आलेले मिडाझोलॅम पाण्यात विरघळणारे असल्याने शिरेला सोसवणारे होते, लवकर गुण देणारे होते आणि तपासणीची आठवणही पुसणारे होते. त्यामुळे डॉक्टर व रुग्ण या दोघांनीही ते आपलेसे केले. परंतु ते डायझेपामपेक्षा दुपटीहून अधिक प्रभावी असूनही सवयीने जुन्याच मापाने दिले गेले, आणि विशेषतः वृद्धांमध्ये किंवा सोबत अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या रुग्णांमध्ये श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी अमेरिकेत वाढू लागल्या. त्यानंतरच या औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा आला आणि थोडेथोडे देऊन परिणाम पाहण्याची पद्धत रूढ होऊ लागली.

ब्रिटनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने या प्रश्नाला आकड्यांचा आधार दिला. इंग्लंडच्या दोन विभागांतील १४,१४९ तपासण्यांचा त्यात अभ्यास होता आणि निदानासाठी केलेल्या तपासण्यांमध्ये सुमारे २,००० मागे एक मृत्यू व २०० मागे एक गुंतागुंत, असे प्रमाण आढळले. गुंगीच्या औषधाची मोठी मात्रा व देखरेखीचा अभाव यांचा अनिष्ट परिणामांशी संबंध दिसला. तसेच घसा बधिर करणारा फवारा आणि न्यूमोनिया यांचाही संबंध आढळला.

देखरेखीची साधने याच काळात हाताशी आली होती. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावरील पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवतो. पण रुग्णाला बाहेरून प्राणवायू दिला जात असेल, तर श्वास मंदावल्यानंतरही हे प्रमाण काही काळ टिकून राहते; म्हणून उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफीची जोड खोल गुंगीच्या वेळी देण्यात येऊ लागली. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये गुंगीच्या सौम्य, मध्यम, खोल आणि पूर्ण भूल अशा चार पायऱ्या स्पष्ट केल्या, आणि रुग्ण एका पायरीवरून पुढच्या पायरीवर नकळत घसरू शकतो, ही बाब प्रशिक्षणाचा भाग झाली.

मिडाझोलॅमवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल उपलब्ध झाले, तरी त्याचा अंमल मिडाझोलॅमच्या आधी ओसरू शकतो. म्हणून उतारा दिल्यानंतरही रुग्णावर लक्ष ठेवावेच लागते. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये जाहीर केले, की चार वर्षांत मिडाझोलॅमची मात्रा अयोग्य ठरल्याच्या ४९८ घटना नोंदल्या गेल्या व त्यांपैकी तीन मृत्यूशी निगडित होत्या. सामान्य विभागांतून तीव्र द्रावणे काढून एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेलेच द्रावण ठेवावे आणि उताऱ्याचा वापर ही जादा मात्रेची खूण मानून त्याची नियमित तपासणी करावी, असा आदेश त्याबरोबर निघाला. पुढे प्रोपोफोलचा वापर वाढला. त्याची गुंगी लवकर चढते व लवकर उतरते, पण त्यावर उतारा नसल्याने श्वासमार्ग सांभाळू शकणारी प्रशिक्षित व्यक्ती सोबत असणे अनिवार्य ठरते.

या सहा दशकांत औषधे बदलली, परंतु धोका प्रत्येक वेळी मात्रेच्या सवयीतून आणि श्वासाकडे झालेल्या दुर्लक्षातून उद्भवला. म्हणून रुग्णानेही आपले वय, घोरण्याचा वा झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास, चालू औषधे आणि पूर्वीच्या भुलेचा अनुभव डॉक्टरांना आधीच सांगावा, आणि तपासणीच्या वेळी आपल्या श्वासावर लक्ष ठेवायला स्वतंत्र व्यक्ती कोण असेल, हे निःसंकोच विचारावे.