बर्फ पडण्याआधीचं मीठ

ब्रिटनमध्ये चार बोटं बर्फ पडला की तिथली मराठी मंडळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकतात, आणि इकडून कुणीतरी काका विचारतोच, ‘एवढा श्रीमंत देश, आणि रस्त्यावर टाकायला मीठ नाही?’ २००९-१०च्या हिवाळ्यात हा प्रश्न तिथल्या वर्तमानपत्रांनीही विचारला होता. तीस वर्षांतला तो सर्वांत थंड हिवाळा. ७ जानेवारी २०१०ला नासाच्या टेरा उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रात ग्रेट ब्रिटन जवळजवळ अखंड पांढरं दिसतं. मीठ पुरवून वापरायचा आदेश सरकारला काढावा लागला: आधी वापर पाव हिश्श्याने कमी करा, मग निम्म्यावर आणा. साहजिकच ‘कौन्सिलवाले (म्हणजे स्थानिक प्रशासन) झोपले होते’ असा निष्कर्ष निघाला. तो सगळाच खोटा नाही. पण मीठ का संपतं हे समजायचं तर ते रस्त्यावर करतं काय, इथून सुरुवात करायला हवी, कारण घोळ तिथेच आहे.

मीठ बर्फाला ऊब देत नाही. ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, एवढंच. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये डब्याभोवतीच्या बर्फावर आपण खडेमीठ घालतो ते याच गुणासाठी: बर्फ वितळतो, पण ते खारं पाणी शून्याच्याही खाली थंड होतं आणि आतलं दूध आळतं. रस्त्यावर याचा अर्थ असा, की पाणी गोठायच्या आधी मीठ तिथे हजर असेल तर बर्फ रस्त्याला चिकटतच नाही. म्हणून ग्रिटर, म्हणजे मीठ फेकणाऱ्या लॉऱ्या, हवामानाचा अंदाज आणि रस्त्याच्या तापमानाचे आकडे बघून गोठण सुरू होण्याआधीच बाहेर पडतात. नुसत्या दहिवराची शक्यता असेल तर चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम मीठ, हिमवर्षाव येणार असेल तर २० किंवा त्याहून थोडं जास्त. वाहनांची चाकं ते मीठ चिरडून पसरवतात. रहदारी नसलेल्या रस्त्यावर त्याचं काम अर्धवट होतं. एकदा हातभर बर्फ साचला की मीठ टाकणं म्हणजे मीठ वाया घालवणं. तिथे नांगर लावलेली लॉरीच लागते.

ग्रिटरवाल्यांची यात मोठी पंचाईत होते. कोरड्या रस्त्यावर मीठ टाकताना लोक बघतात आणि ‘आमच्या कराचे पैसे उधळताहेत’ म्हणतात. सकाळी रस्ता स्वच्छ असतो, तेव्हा ‘बघा, काही पडलंच नाही’ म्हणतात. स्कॉटलंडने यावर आपल्या परीने तोड काढली आहे. तिथल्या ग्रिटरना ‘सर सॉल्टर स्कॉट’, ‘ग्रिटी ग्रिटी बँग बँग’ अशी नावं दिली आहेत आणि त्या कुठे फिरताहेत ते नकाशावर कुणालाही पाहता येतं.

‘थंडी वाढली तर जास्त मीठ टाका’ हा सल्लाही असाच वरवर शहाणा. उणे १ अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवतं. उणे ७ला तेच किलोभर मीठ जेमतेम साडेआठ-नऊ किलोंवर येतं, आणि उणे १२ला पाचेक किलोंवर. उणे २१च्या खाली साधं मीठ निकामी, आणि वेगाचा विचार केला तर उणे ७ ते १० नंतरच त्याची धार जाते. ८ जानेवारी २०१०ला स्कॉटलंडच्या उत्तरेला अल्टनाहारा इथे पारा उणे २२.३पर्यंत उतरला होता. तिथे त्या रात्री मिठाचे डोंगर ओतले असते तरी फरक पडला नसता. असल्या थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड चालतं, पण ते महाग. नाहीतर वाळू किंवा बारीक कच. वाळू बर्फ वितळवत नाही, चाकांना पकड देते. मग ती गटारांत जाऊन बसते आणि वसंतात काढावी लागते. टंचाईत मिठात वाळू मिसळून ते पुरवतात, पण त्या मिश्रणात काम करणारं मीठ तेवढं कमीच झालेलं असतं.

मीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिठागरं येतात: भांडुप-मुलुंडची, उरणची, १९३०च्या सत्याग्रहाने नाव झालेल्या शिरोड्याची. ब्रिटनच्या रस्त्यांवरचं बहुतेक मीठ मात्र खाणीतलं, मातकट तपकिरी. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्रांचे थर जमिनीखाली आहेत, ते फोडून काढलेलं. चेशर परगण्यातली विन्सफर्डची खाण १८४४ची. तिची जुनी दालनं इतकी कोरडी आहेत, की त्यांत आता दस्तऐवज साठवून ठेवतात. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरची बूल्बी एक किलोमीटरहून खोल, उत्तर समुद्राच्या तळाखाली शिरलेली. तिसरी खाण उत्तर आयर्लंडमध्ये कॅरिकफर्गसजवळ. त्या हिवाळ्यात देशाची भिस्त मुख्यतः या तीन ठिकाणांवर होती, आणि टंचाईचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. खाणीतून रोज निघणाऱ्या मालाला मर्यादा असते. थंडीची लाट आली की सगळ्या कौन्सिलांची मागणी एकाच आठवड्यात येते. खिशात पैसे असले तरी खाण दुप्पट वेगाने खणता येत नाही. परदेशातून मागवलं तर जहाज यायला आठवडे लागतात, तोवर लाट ओसरलेली असते.

उरलेलं अर्धं उत्तर हिशेबात आहे. सात-सव्वासात मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता घ्या. चौरस मीटरला २० ग्रॅमने एका किलोमीटरला सुमारे १४६ किलो मीठ लागतं. कौन्सिलकडे असे हजार किलोमीटर असतील तर एका फेरीला १४६ टन. जोराच्या हिमवर्षावात दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर जवळपास ६०० टन, आणि बारा दिवस तसेच गेले तर ७,००० टन. डेव्हिड क्वार्म्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१०मध्ये नेमकं हेच माप सुचवलं: हिवाळा सुरू होताना प्रत्येकाच्या गोदामात १२ दिवसांचा, म्हणजे ४८ फेऱ्यांचा साठा हवा. शिवाय साऱ्या देशासाठी अडीच लाख टनांचा आयात केलेला राखीव साठा. तो सल्ला वेळेवर आला म्हणायचा, कारण २०१०चा डिसेंबर शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला.

त्याआधी कौन्सिलांनी साठे कमी ठेवले यात मला निव्वळ बेफिकिरी दिसत नाही. बरेच हिवाळे सौम्य गेले होते. सात हजार टन मिठाला जागा लागते, छप्पर लागतं, आणि आधी मोजून दिलेला पैसा वर्षभर ढिगाच्या रूपात पडून राहतो. ‘मीठ काय, नासत थोडंच’ हे खरं. पण उघड्यावर ठेवलं तर पावसाने झिरपतं, दगडासारखं घट्ट होतं आणि झिरपलेलं खारं पाणी शेजारच्या ओढ्यात जातं. म्हणून चांगली गोदामं झाकलेली असतात. उन्हाळ्यात, खाणीवर गर्दी नसताना माल भरायचा, हा यातला साधा व्यवहार. तो चुकला की जानेवारीत काहीही करा, उपयोग नाही.

जानेवारीत मग ‘सॉल्ट सेल’ बसतो. परिवहन खातं आणि स्थानिक प्रशासनांचे प्रतिनिधी मिळून कुणाकडे किती दिवसांचं मीठ उरलंय ते पाहतात आणि खाणींना सांगतात, आधी कुणाला द्या. २००९च्या फेब्रुवारीत हा पहिल्यांदा बसला. सेल बसला की जास्त पैसे मोजून किंवा आधी नंबर लावून माल मिळतोच असं नाही. यातला अन्याय उघड आहे: ज्याने उन्हाळ्यात खर्च करून गोदाम भरलं त्याची ऑर्डर मागे पडते आणि ज्याने भरलं नाही त्याला लॉरी आधी मिळते. तरीही शेजारच्या गावातला रुग्णवाहिकेचा रस्ता बंद ठेवून हिशेब चुकता करणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे दुसरी पद्धत काय असावी हे मला सुचत नाही.

आपल्या गल्लीत मीठ पडलं नाही म्हणजे कौन्सिलने कायदा मोडला, असंही नसतं. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने गुड्स खटल्यात तर निकाल दिला होता की इंग्लंडमध्ये रस्त्यावरचा बर्फ हटवणं हे महामार्ग कायद्याने आलेलं कर्तव्यच नाही. त्यानंतर २००३मध्ये कायद्यात भर पडली: बर्फाने रहदारीला धोका होऊ नये हे ‘शक्य तितकं’ पाहणं हे कर्तव्य. त्या ‘शक्य तितकं’मध्ये मुख्य रस्ते, बसचे मार्ग आणि इस्पितळांकडे जाणारे रस्ते बसतात, गल्ल्या बहुधा नाहीत. गल्लीच्या तोंडाशी पिवळी पेटी असते, तिच्यातलं मीठ सार्वजनिक रस्त्यासाठी. घरापुढच्या मोटारीच्या जागेसाठी ते उचलून नेऊ नका, असं सरकारच सांगतं.

जास्त मीठ म्हणजे जास्त सुरक्षितता, ही समजूतही तपासून घ्यावी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं प्रदूषण खातं लोकांना सांगतं की एक चहाचा चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर, पाणी कायमचं बिघडवतं. क्लोराइड पाण्यातून सहजी निघत नाही. शिवाय पुलांचं लोखंड आणि गाड्यांचे पत्रे खातं ते वेगळंच.

आपल्या दारापुढची पायवाट साफ केली आणि कुणी घसरलं तर आपल्यावरच दावा होईल, म्हणून हात न लावणं बरं, ही भीती ब्रिटनमध्ये नव्याने गेलेल्यांना शेजारी हमखास घालतात. २०१०मध्ये सरकारने काढलेल्या ‘स्नो कोड’ने तिला उत्तर दिलं: नीट साफ केलं असेल तर दावा होण्याची शक्यता फार कमी आहे, तेव्हा खुशाल साफ करा. सकाळीच, बर्फ भुसभुशीत असताना करा, तुडवून घट्ट झाल्यावर तो हलत नाही. गरम पाणी ओतू नका, ते गोठून दिसणारही नाही असा काळा बर्फ होतो. घरातलं खायचं मीठ चालतं, पण झाडांवर आणि हिरवळीवर जाऊ देऊ नका. प्रमाण चौरस मीटरला एक मोठा चमचा, म्हणजे ग्रिटर हिमवर्षावाआधी टाकतो त्याच्या आसपासच.