सलग मजकूर, सुटे तुकडे

जेनिफर ईगन या अमेरिकन लेखिकेची ‘ब्लॅक बॉक्स’ ही कथा ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने छापील अंकापुरती न ठेवता २०१२ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस ट्विटरवरही प्रसृत केली. दहा रात्री, आठ ते नऊ या एका तासात, मिनिटाला एक या गतीने तिचे तुकडे वाचकांसमोर येत गेले. या कथेचा मसुदा ईगनबाईंनी प्रत्येक पानावर आठ चौकटी असलेल्या एका जपानी वहीत हाताने लिहिला होता. कथेची नायिका गुप्तहेर असून तिने स्वतःच्या कामगिरीची नोंद सूचनावजा वाक्यांत केलेली आहे आणि सूचना ही स्वभावतःच स्वयंपूर्ण असल्यामुळे, कथेतील कोणतेही वाक्य मागचे-पुढचे काही ठाऊक नसताना वाचले तरी ते लंगडे वाटत नाही. सामाजिक माध्यमांवर एकापुढे एक पोस्टी जोडून जो दीर्घ मजकूर लिहिला जातो आणि ज्याला आपण थ्रेड म्हणतो, त्याच्या बांधणीचे मूळ तत्त्व मला या चौकटींच्या वहीत दिसते.

पोस्टीच्या लांबीवरील मर्यादेची चौकट मुळात टपाल आणि दूरध्वनी यांच्या व्यवहारातून आलेली आहे. १९८५ साली जर्मनीतील बॉन शहरी फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाच्या अभियंत्याने टंकयंत्रावर सुचतील ती वाक्ये लिहून त्यांतील अक्षरे मोजली, पोस्टकार्डांवरील व टेलेक्सवरील मजकुराच्या लांबीचाही विचार केला आणि माणसाचे एकावेळचे सांगणे बहुधा १६० चिन्हांत आटोपते असा निष्कर्ष काढला. एसएमएसची मर्यादा त्यावरून ठरली. पुढे २००६ साली निघालेल्या ट्विटरने त्यांतील २० चिन्हे वापरणाऱ्याच्या नावासाठी राखून ठेवली आणि उरलेली १४० मजकुरासाठी मोकळी केली. २०१७ च्या नोव्हेंबरात ही मर्यादा २८० झाली आणि पुढच्याच महिन्यात अनेक पोस्टी एकत्र रचून एकदम प्रसिद्ध करण्याची सोय ट्विटरने करून दिली. त्यापूर्वी लोक आपल्याच पोस्टीला आपणच उत्तर देत आणि आरंभी हाताने क्रमांक घालीत. अमेरिकेतील मार्क अँड्रीसन या गुंतवणूकदाराने २०१४ च्या सुमारास तो शिरस्ता विशेष प्रचलित केला.

आज मर्यादा सैल झाल्या आहेत. जुलै २०२३ मध्ये निघालेल्या ‘थ्रेड्स’ याच नावाच्या माध्यमावर एका पोस्टीत ५०० चिन्हे मावतात, ब्लूस्कायवर ३०० मावतात, आणि ट्विटरचे जे ‘एक्स’ झाले त्यावर वर्गणीदारांना हजारो चिन्हांचा लेख एका पोस्टीत लिहिण्याची मुभा आहे. तरीही थ्रेड टिकून आहे, कारण त्याचा प्रत्येक तुकडा वेगळा उचलता येतो, वेगळा दुसऱ्यास दाखवता येतो, आणि त्या तुकड्यापुरती शंका त्याच्याच खाली विचारता येते. छापील लेखाचा वाचक पहिल्या ओळीपासून येतो. थ्रेडचा वाचक मात्र कोणा परिचिताने पुढे पाठवलेल्या सातव्या पोस्टीतूनही आत शिरतो. सबब, लेखकाने प्रत्येक पोस्ट अशी लिहावी की ती एकटीच कोणाच्या हाती पडली तरी तिचा अर्थ पालटू नये.

हे पथ्य मराठीत लिहिणाऱ्याने दुप्पट काटेकोरपणे पाळावयास हवे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही बहुधा तेथेच येतो. ‘पाणीपट्टी दुप्पट करण्याचा ठराव नगरपालिकेने मंजूर केला आहे, ही बातमी खरी नाही’ हे वाक्य स्वल्पविरामापाशी तोडून उरलेला भाग पुढील पोस्टीत घातला, तर खुलासा करण्यासाठी लिहिलेला मजकूरच अफवेचा दस्तऐवज बनतो आणि लेखकाच्या नावानिशी गावभर फिरतो. वाक्य जेथे संपते तेथेच पोस्ट संपवावी; जागा पुरत नसेल तर वाक्य नव्याने बांधावे, आणि अशा ठिकाणी नकार आधी उच्चारावा. तीच गोष्ट सर्वनामांची. निबंधात नामाची पुनरुक्ती कानाला खटकते आणि ‘त्यांनी’, ‘तेथे’, ‘त्यामुळे’ अशा शब्दांनी परिच्छेद परस्परांत गुंफले जातात; परंतु थ्रेडमधील पोस्ट ‘त्यांनी’ या शब्दाने सुरू झाली, तर आडवाटेने आलेल्या वाचकाला हे कोण, याचा थांग लागत नाही. येथे व्यक्तीचे, गावाचे, सालाचे नाव पुनःपुन्हा घेणे हे वाचकाविषयीचे सौजन्य होय. आधाराचा तपशीलही शेवटी एकत्र न देता ज्या पोस्टीत विधान केले तीतच द्यावा.

जागेच्या हिशेबात देवनागरीचा एक प्रश्न निराळाच आहे. एक्सवर व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातील अदृश्य हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एकच अक्षर दिसते, परंतु त्याची सहा चिन्हे होतात. ‘बाई’ ही दोन अक्षरे असूनही तीनच चिन्हांत बसतात. संस्कृतप्रचुर लेखनाची मला आवड आहे; पण चौकट भरत आली की साध्या शब्दाचा लाभ प्रत्यक्ष आकड्यात दिसतो, हे मान्य केलेच पाहिजे.

वाचक टिकून राहावा, त्याने उत्तर द्यावे, मजकूर इतरांना दाखवावा, ही लेखकाची इच्छा रास्त आहे. डिसेंबर २०२२ पासून, म्हणजे एक्सचे नाव ट्विटर होते तेव्हापासूनच, तेथे प्रत्येक पोस्टीखाली ती किती वेळा पाहिली गेली याचा आकडा दिसू लागला, आणि तो पहिल्या पोस्टीनंतर बहुधा उतरत जातो. या उतारावर उपाय म्हणून पहिल्या पोस्टीत काहीच न सांगता केवळ कुतूहल चाळवण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती मला वाचकाशी केलेली प्रतारणा वाटते. पुष्कळांची भेट पहिल्या पोस्टीपाशीच संपणार असेल, तर मुख्य निष्कर्ष त्यांना तेथेच मिळाला पाहिजे. ज्याला कारणे, पुरावे आणि अपवाद हवे असतील तो आपणहून खाली उतरेल. निष्कर्ष समजल्यावरही जो वाचत राहतो, त्याच्याकडून येणारा प्रश्न बहुधा मोलाचा असतो.

बाह्य मांडणीचे नियम थोडके आहेत. एकूण संख्या निश्चित असेल तर ‘३/१२’ असा क्रमांक द्यावा, म्हणजे सुट्या तुकड्याला आपले स्थान सांगता येते. दोन विधानांमध्ये एक ओळ कोरी सोडली तर मोबाइलच्या अरुंद पडद्यावर डोळ्यांना विसावा मिळतो. चित्र किंवा नकाशा जेथे विषय निघतो तेथेच जोडावा, आणि त्याचे वर्णन शब्दांत लिहून ठेवावे, कारण अंध वाचकाचे यंत्र त्याला तेच वाचून दाखवते.

चूक आढळली तर मात्र सर्वांत अधिक दक्षता लागते. सदोष पोस्ट मधूनच काढून टाकली तर युक्तिवादात खिंडार पडते, आणि तिच्या ज्या प्रतिमा लोकांनी घेतल्या असतील त्या तशाच फिरत राहतात. दुरुस्तीची पोस्ट थ्रेडच्या तळाशी टाकली तर तेथवर फारच थोडे पोचतात. म्हणून दुरुस्ती त्या सदोष पोस्टीच्याच उत्तरात लिहावी, चुकीचा आकडा कोणता आणि बरोबर कोणता हे दोन्ही तीत सांगावे, आणि तीच दुरुस्ती पहिल्या पोस्टीखालीही नोंदवावी.