मेळघाट : वऱ्हाडच्या माथ्यावरचे रान

सातपुड्याची गाविलगड रांग पूर्णेच्या काळ्या, सपाट खोऱ्यातून एकदम उभी राहते. अकोटहून वा परतवाड्याहून उत्तरेकडे पाहिले की कपाशी-तुरीची शेते जिथे संपतात तिथूनच कडा सुरू झालेला दिसतो. मधे टेकड्यांची हळूहळू वाढणारी चढण फारशी नाहीच. या पायथ्यालगत भूकवचाला मोठा भंग आहे. त्याच्या उत्तरेकडचा बेसाल्टचा थर उंच राहिला, दक्षिणेकडे पूर्णेच्या गाळाचे मैदान तयार झाले. रांगेचा सर्वांत उंच माथा वैराट. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,१७८ मीटर आहे. या कड्यापासून उत्तरेला तापीपर्यंत एकामागून एक घाट, दऱ्या आणि सागाचे रान पसरले आहे. हा सगळा मुलूख म्हणजे मेळघाट. चिखलदरा आणि धारणी हे अमरावती जिल्ह्याचे दोन तालुके त्यात येतात, आणि अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या उत्तरेकडील डोंगरपट्टाही त्याला जोडून आहे.

मेळघाट समजून घ्यायचा तर आधी त्याचे पाणी पाहावे. रांगेच्या उत्तरेकडे खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या तापीला मिळतात. दक्षिणेकडे चंद्रभागा, शहानूर, वाण या नद्या घाट उतरून पूर्णेकडे जातात. तापी आणि पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवला एकत्र येतात, म्हणजे माथ्याच्या दोन्ही अंगांना पडलेला पाऊस शेवटी एकाच प्रवाहात मिसळतो. पायथ्याच्या मैदानात खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील कित्येक गावांत विहीर खणली तरी पाणी खारट लागते, ते पिण्यालाही चालत नाही आणि ओलितालाही. अशा गावांना गोड पाणी मिळते ते डोंगरातून. वारी भैरवगडजवळ वाण नदीवर बांधलेला हनुमान सागर आणि शहानूरचे धरण यांच्यावर अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांची तहान अवलंबून आहे. मेळघाटचे जंगल राखण्याचा प्रश्न मैदानातल्या माणसाच्या घागरीशी असा थेट बांधलेला आहे, आणि जंगलावरच्या चर्चेत ही गोष्ट जेवढी पुढे यायला हवी तेवढी येत नाही.

जंगल कोरड्या पानगळीचे आहे. साग सगळीकडे, त्याच्या सोबतीला ऐन, धावडा, तिवस, तेंदू, आवळा, मोह, आणि ओढ्यांच्या काठी बांबूची बेटे. इंग्रजी अमलात १८६० च्या दशकातच इथल्या बैरागड आणि गुगामल भागांतील जंगल सरकारने राखीव करायला घेतले, ते मुख्यतः सागाच्या लाकडासाठी. शंभर वर्षांनी उद्देश बदलला. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये तो रीतसर जाहीर झाला आणि महाराष्ट्राचा पहिला व्याघ्र प्रकल्प ठरला. त्याच्या गाभ्यातले सुमारे ३६१ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे अकोला-बुलढाणा बाजूची वाण, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्येही जोडली गेली. आज गाभा आणि बफर मिळून प्रकल्पाचा विस्तार सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे.

वाघ दिसेलच अशा खात्रीने इथे येणाऱ्याची बहुधा निराशा होते. ताडोबासारखी मोकळी तळी आणि सपाट वाटा इथे नाहीत. डोंगर उभे, दऱ्या खोल, झाडी दाट. वाघ आहे, पण तो आपल्या सोयीने दिसतो. मेळघाटची खरी संपत्ती रानाच्या एकसंधपणात आहे. रानगवे, सांबर, भेकर, चौसिंगा, अस्वल, बिबट्या, रानकुत्र्यांचे कळप या सर्वांना पुरेल एवढे सलग जंगल महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उरले आहे. गडगेवरचे सिद्धू कुंड आणि डोलार नदीतले हत्तीकुंड या डोहांत १९९० आणि १९९१ मध्ये मगरी सोडण्यात आल्या.

पक्षी पाहणाऱ्यांसाठी मेळघाटचे नाव एका लहानशा घुबडाशी जोडलेले आहे. रानपिंगळा हा तो पक्षी. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कुणालाच मिळाला नाही आणि तो नामशेष झाला असे धरले गेले. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेत आपल्याला तो मिळाल्याचा दावा केला होता आणि त्यावर विसंबून शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. हा नमुना ब्रिटिश संग्रहालयातून उचललेला, नवी चिठ्ठी लावलेला जुनाच पक्षी असल्याचे अमेरिकेच्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केले. मग मूळच्या खऱ्या नोंदींचा माग घेत त्या सहकाऱ्यांसह सातपुड्यात आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. शंभराहून अधिक वर्षांनी सापडलेल्या या पक्ष्याचा पुढे सातपुडाभर शोध घेतला गेला, तेव्हा त्याची सर्वांत मोठी वस्ती मेळघाटात आढळली. इतर घुबडांसारखा तो केवळ रात्रीचा नाही. सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांदीवर बसून तो सरडे आणि उंदीर हेरतो. त्यामुळे धीर धरणाऱ्याला तो दिवसाउजेडी दिसू शकतो. त्याला दाट रान नको असते, मोठ्या सागाचे विरळ रान हवे असते. घरटे जुन्या झाडाच्या ढोलीत असते. ढोलीची म्हातारी झाडे तोडली गेली की रानपिंगळाही तिथून जातो.

रानात फिरण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे सेमाडोह आणि कोलकास. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी ही दोन्ही ठिकाणे आहेत. सेमाडोहला वनखात्याचे संकुल आणि जंगलाची ओळख करून देणारे दालन आहे. कोलकासचे विश्रामगृह नदीच्या वळणावर, उंच काठावर बांधले आहे. तिथून वनखात्याच्या हत्तींवरून रानात फेरी मारता येते. जीपच्या फेऱ्या सेमाडोहप्रमाणेच हरिसाल आणि अकोटकडील शहानूर इथूनही निघतात. गाभ्यात परवान्याशिवाय आणि वाटाड्याशिवाय जाता येत नाही. वाटाडे बहुतेक करून आसपासच्या कोरकू आदिवासी गावांतले तरुण असतात. पावलाचा ठसा, झाडावरची अस्वलाची नखे, माकडांचा इशारा हे सगळे त्यांना लहानपणापासून वाचता येते, आणि मेळघाटात एका चांगल्या वाटाड्याची सोबत हीच सफारीची खरी किंमत वसूल करून देते. वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला आणखी एक अनुभव मिळतो. उन्हाळ्यात पाणवठे मोजकेच उरलेले असतात, चांदणे लख्ख असते, आणि नाव नोंदवलेल्या हौशी मंडळींना पाणवठ्यालगतच्या मचाणावर रात्रभर बसून प्राण्यांची नोंद करता येते.

चिखलदरा हे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत सरळ रस्ता आहे, तिथून एक वाट धामणगाव गढी आणि मोथ्यावरून चढते, दुसरी घटांगवरून. हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये इथे पोहोचला आणि सुमारे अकराशे मीटर उंचीचे हे पठार इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेत भरले. लोकांच्या आठवणीत मात्र ठिकाण त्याहून फार जुने आहे. विराटाची नगरी ती हीच, भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकले आणि जिथे हात धुतले ते भीमकुंड, अशी कथा वऱ्हाडात घरोघरी सांगितली जाते. विदर्भात कॉफीची लागवड फक्त इथे आढळते. देवी पॉइंट, पंचबोल, मोझरी, हरिकेन अशा कड्यांवरून खालच्या दऱ्या दिसतात. पंचबोलला हाक मारली की ती दरीतून अनेकदा परत ऐकू येते. जुलै ते सप्टेंबर या काळात ढग पठारावर उतरतात, प्रत्येक कड्यावरून पाणी कोसळते, आणि शनिवार-रविवारी घाटात वाहनांची रांग लागते. गर्दी टाळायची असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी यावे. धबधब्याच्या माथ्यावरचा बेसाल्ट शेवाळाने निसरडा झालेला असतो. कठड्यापलीकडे जाणे जिवावर बेतते, हे दरवर्षी सांगावे लागते. गवळ्यांच्या मोथा गावचा खवा घेतल्याशिवाय लोक परत फिरत नाहीत. जवळच्या आमझरीत साहसी खेळांची सोय आहे आणि तिथल्या मधालाही मागणी आहे.

चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड आहे. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास तो बांधून काढला. पुढे अचलपूरच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमादुल्मुल्क याने त्याची डागडुजी केली. फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, आणि गडाच्या दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा तो काल्पनिक पक्षी, ही त्या दक्षिणी मुळाची खूण मानली जाते. वऱ्हाडच्या डोंगरात विजयनगरचे चिन्ह मुसलमान सुलतानाच्या किल्ल्यावर पाहायला मिळणे ही दख्खनच्या इतिहासाची गुंतागुंत एका दगडात दाखवणारी गोष्ट आहे.

गडाचे नाव जगाच्या युद्धेतिहासात गेले ते १८०३ च्या डिसेंबरात. २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि उरलेली फौज गाविलगडावर आली. किल्लेदार होता बेनीसिंह. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, दक्षिणेच्या पायथ्याशी उभा राहिला. तो कडा चढणे अशक्य होते. म्हणून त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन डोंगरातून वळसा घेऊन उत्तरेकडे गेला. अवजड तोफा ओढण्यासाठी त्याच्या माणसांना रानातून रस्ता तोडत जावे लागले आणि त्यात त्यांचे बरेच दिवस गेले. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत शिरले, पण आतला कोट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळीतून वर चढून, शिडी लावून तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंह लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून मोठा मुलूख गेला. १८५७ च्या उठावानंतर हा गड पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नये म्हणून इंग्रजांनी त्याची तटबंदी पाडली. आज आत पडक्या भिंती, तोफा, पाण्याची तळी, मशीद आणि माजलेले गवत आहे. पूर्ण गड पायी फिरायला अर्धा दिवस ठेवावा आणि पाणी बरोबर घ्यावे.

अकोल्याकडच्या बाजूचा नरनाळा तुलनेने कमी लोक पाहतात, आणि हा अन्याय आहे. अकोटहून शहानूरला आले की वर चढणारी वाट लागते. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड अशा तीन भागांत हा किल्ला पसरला आहे. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात गाविलगडाप्रमाणे नरनाळा हे स्वतंत्र ‘सरकार’, म्हणजे सुभ्याचा एक विभाग, होते. इथला महाकाली दरवाजा फत्तेउल्लानेच १४८६-८७ च्या सुमारास बांधला. फिक्या वालुकाश्मात कोरलेली कमळे, नक्षीचे छज्जे, जाळ्या आणि अरबी-फारसी लेख यांनी तो भरला आहे. वऱ्हाडातील दगडी कामाचा इतका सुंदर नमुना दुसरा दाखवणे कठीण. दरवाजापलीकडे राणीमहाल, नऊगजी तोफ आणि शक्कर तलाव आहे. गडावर बावीस तलाव असल्याची जुनी नोंद आहे. पावसाळ्यानंतर त्यांतले बरेच पाण्याने भरलेले दिसतात.

अकोटकडच्या रानातच धारगड आहे. तिथे कड्यातल्या गुहेत शंकराचे स्थान आहे आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी पायी जाणाऱ्या भाविकांची तिथे मोठी यात्रा भरते.

या डोंगरात माणसेही राहतात, हे विसरून मेळघाटचे वर्णन पूर्ण होत नाही. कोरकू हे इथले मुख्य आदिवासी. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी आणि मुंडारीची बहीण, आणि या कुळाच्या भाषांमध्ये सर्वांत पश्चिमेला बोलली जाणारी. मराठी, हिंदी, गोंडी बोलणाऱ्यांच्या मधे ती टिकून राहिली आहे. गावात घरे समोरासमोर दोन ओळींत, मधे रुंद रस्ता, भिंती मातीने सारवलेल्या. होळीचा सण इथे कित्येक दिवस चालतो. तेव्हा मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसे गावी परततात, ढोल वाजतात, आणि फगवा, म्हणजे होळीचे बक्षीस, मागणाऱ्या बायकापोरी रस्त्यावर गाडी अडवतात. त्यांना फगवा द्यावा. बालमृत्यू आणि कुपोषण यांमुळे गेली तीन दशके मेळघाट बातम्यांत राहिला. बैरागडसारख्या दूरच्या गावात डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घालवले, आणि २०१९ मध्ये त्या दोघांना पद्मश्री मिळाली.

गाभ्यातली काही गावे बाहेर वसवली गेली. सुरुवात बोरी, कोहा आणि कुंड यांनी झाली, नंतर वैराट, चुरणी आणि अकोट बाजूची गावे उठली. जिथे शेते होती तिथे आता गवताची कुरणे आहेत आणि सांबर-गव्यांचे कळप चरतात. नव्या जागी गेलेल्या कुटुंबांचा संसार मात्र सगळीकडे सारखा सुखाचा झालेला नाही. त्यांच्या जमिनीच्या आणि रोजगाराच्या तक्रारी आजही ऐकू येतात, आणि त्या ऐकल्या गेल्याच पाहिजेत.

अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे याच रानातून जात असे. धुळघाटजवळ चढ कमी करण्यासाठी रुळांनी पूर्ण वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडले होते, आणि जुन्या मीनाक्षी एक्स्प्रेसचे प्रवासी ते वळण पाहायला खिडकीशी गर्दी करत. २०१७ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजसाठी या मार्गावरची वाहतूक थांबली. अकोला-अकोट टप्पा रुंद झाला, पण पुढचा मार्ग वाघांच्या गाभ्यातून न्यायचा की बुलढाण्याकडून वळवायचा यावर मोठा वाद झाला. वन्यजीवप्रेमींनी आणि राज्य सरकारनेही वळसा मागितला.

जाण्यासाठी हंगाम हेतूप्रमाणे ठरवावा. धबधबे आणि ढग पाहायचे तर जुलै ते सप्टेंबर, मात्र या काळात गाभ्यातल्या बहुतेक वाटा बंद असतात. गडकोट आणि रानपिंगळा यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा गवत पिवळे पडू लागते आणि पाने झडू लागली की झाडीतले दिसते. मोठे प्राणी पाहायचे तर एप्रिल-मे, ऊन सोसायची तयारी ठेवून. रेल्वेने बडनेरा किंवा अकोल्याला उतरावे. परतवाडा आणि अकोट ही पायथ्याची शेवटची मोठी गावे. इंधन, औषधे आणि रोख पैसे तिथेच घ्यावेत, कारण पुढे घाटात मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही.