चादर सांगते यंत्राची तब्येत

नागपुरात हुडकेश्वरहून मानेवाडा, तुकडोजी पुतळा चौक करत पुढे गेलं की मेडिकल येतं. १९४७ साली सुरू झालेलं हे शासकीय रुग्णालय असो, एखादं छोटं नर्सिंग होम असो की लग्नाचं लॉन, धुतलेल्या, सपाट कापडावाचून कुणाचंच चालत नाही. रुग्णालयात तर हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीखाली वळी राहिली, तर कातडीवर दाब पडतो आणि शय्याव्रणाचा धोका वाढतो.

शेकडो चादरींना हातइस्त्री पुरत नाही. मोठ्या लॉन्ड्रीत त्यासाठी रोलचं इस्त्रीयंत्र असतं. खाली वाफेने तापलेला, गुळगुळीत, अर्धगोल बेड आणि त्यावर दाबून फिरणारा, पॅडिंग गुंडाळलेला रोल. सात बार दाबाची वाफ सुमारे १७० अंश सेल्सिअसची असते. ओली चादर एका बाजूने आत जाते, वाळून आणि इस्त्री होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर येते. जाणता मेकॅनिक पाना हातात घेण्याआधी ही बाहेर आलेली चादर पाहतो. यंत्राचं दुखणं तिच्यावर उमटलेलं असतं.

चादर दमट निघाली, तर रोलचा वेग कमी करून भागत नाही. आधी स्टीम ट्रॅप तपासायचा. वाफ थंड होऊन झालेलं पाणी बाहेर काढणं हे त्याचं काम. तो अडला की पाणी बेडमध्ये साचतं आणि तेवढा भाग गार पडतो. ट्रॅप ठीक असेल, तर ओल खेचणाऱ्या पंख्याची जाळी कापसाच्या तुसाने भरली आहे का, ते पाहायचं.

चुण्या पडत असतील, तर पॅडिंगवर संशय घ्यावा. सततच्या दाबाने ते चेपतं. ६०० मिलिमीटर व्यासाचा रोल ५९० वर आला, की प्रत्येक फेऱ्यात कापड ३१ मिलिमीटर कमी सरकतं. एकापुढे एक रोल असलेल्या यंत्रात पुढचा रोल असा मागे पडला, की दोघांच्या मधे चादर गोळा होते. म्हणून पुढचा रोल किंचित जास्त वेगाने कापड ओढेल अशी जुळणी ठेवतात, आणि पॅडिंग बदलताना सगळ्या रोलांचा हिशेब एकत्र करतात.

पिवळेपणाचं मूळ बहुधा धुलाईत सापडतं. साबणाचा क्षार नीट खळबळून निघाला नाही, तर उष्णतेने कापड पिवळं पडतं आणि बेडला चिकटतं. बोअरचं पाणी जड असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. बेडवर साचलेला थर साफ करून मेणाचं कापड फिरवतात; पण मेण जास्त झालं की त्याचाच थर बसतो.

चालवणाऱ्याचीही जबाबदारी आहे. तीन मीटरच्या रोलवर दीड मीटरची चादर सतत मधूनच सोडली, तर मध्य गार होतो आणि कडांचं पॅडिंग करपतं. चादरी आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी सोडाव्यात. यंत्र थांबवलं की रोल तापलेल्या बेडवरून उचललाच पाहिजे.

या सगळ्याच्या आधी, प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, फिंगर गार्ड तपासायचा. बोटं आत ओढली जाण्याआधी यंत्र थांबवणारी ही पट्टी आहे. ती दाबताच रोल थांबला नाही, तर त्या पाळीत एकही चादर जाता कामा नये. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण सक्तीचं केलं, ते याच हातांसाठी. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप, वाफेचा व्हॉल्व्ह बंद आणि बेड निवेपर्यंत धीर, एवढं पाळावंच लागतं.

नागपूरच्या मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांकडे जात असताना या बेडसमोर माणसं आठ-आठ तास उभी असतात. ट्रॅप, पंखा, पॅडिंग नीट असेल, तर तेवढंच काम कमी वाफेत आणि कमी वेळात उरकतं. म्हणून देखभालीचे तास आणि नव्या पॅडिंगचा खर्च मालकाने धुलाईच्या दरातच धरावा, आणि ऑर्डर कितीही अडली तरी तो वेळ मेकॅनिककडून काढून घेऊ नये.