जोर्वे गावची पांढर

संगमनेरच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर जोर्वे हे गाव वसलेले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नदीकाठच्या इतर शेतकरी गावांहून ते निराळे दिसत नाही. रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूस येथे मुद्दाम थांबावे असे काही आढळणार नाही. तथापि देशातील पुराणवस्तुसंशोधकांमध्ये या लहानशा गावाचे नाव सर्वतोमुखी आहे. सुमारे 3400 वर्षांपूर्वी महाराष्ट्रात स्थायिक होऊन शेती करणाऱ्या लोकांच्या संस्कृतीस ‘जोर्वे संस्कृती’ असेच नाव पडले आहे.

सन 1950-51 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले. त्यात लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी काढलेली, चाकावर घडविलेली आणि खणखणीत भाजलेली मडकी मिळाली. काही भांड्यांना तोटी होती. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही सापडल्या. पुढे याच घडणीची भांडी तापीपासून भीमेपर्यंत दोनशेहून अधिक ठिकाणी आढळली. त्यांपैकी बहुतेक ठिकाणे म्हणजे नदीकाठच्या, काळ्या जमिनीलगतच्या छोट्या वाड्यावस्त्याच होत्या.

अशी ठिकाणे शेतकऱ्यास अपरिचित नसतात. त्याने त्यांना केवळ वेगळे नाव दिलेले आहे. आपल्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढर. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, चुना, हाडे व गोठ्यातील केरकचरा एकावर एक साचत गेल्याने वस्तीच्या जागेस हा रंग येतो. वस्ती उठून गेली तरी नदीकाठी तिचा उंचवटा राहतो, आणि त्याचाच गावकरी पांढरीचे टेकाड म्हणून उल्लेख करतात.

आता या टेकाडांची अडचण अशी की त्यांची माती उपयोगी पडते. धाब्याच्या घरांवर पसरण्यास ती पूर्वापार वापरली जाई. शेतकरी खत म्हणूनही ती गाडीने शेतात नेत असे. राख व हाडे यांमुळे तिच्यात थोडीफार पोषक द्रव्ये असतात, तेव्हा त्याचे करणे सर्वस्वी चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. बैलगाडी होती तोवर टेकाड सावकाश झिजत होते. आज माती उकरणारे यंत्र व ट्रॅक्टरची ट्रॉली आल्यावर तेच काम काही दिवसांत उरकते, आणि तीन हजार वर्षांचे थर शेतात पसरून नांगराखाली जातात.

या मातीच्या खतमूल्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे इष्ट आहे. प्रवराकाठच्या काळ्या जमिनींत मुळातच चुनखडीचे प्रमाण बहुधा अधिक असते. अशा जमिनीत चुनायुक्त पांढर मिसळल्यास पिकास लोह मिळण्यास अडथळा येण्याचा संभव असतो. उसाची कोवळी पाने पिवळी पडतात, तो केवडा शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. भारी जमीन भुसभुशीत करावयाची असेल तर चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट आणि फुलोऱ्यापूर्वी गाडलेला ताग यांनी ते काम अधिक खात्रीने होते. हलक्या, मुरमाड जमिनीस माती हवीच असेल तर तलावातील गाळ घ्यावा. राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली असा गाळ नेण्याची सोयही झालेली आहे.

पांढरीत काय असते, हे भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव येथे चांगले कळून आले. तेथे 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. मातीतून जळून कोळसा झालेले धान्य वेचले गेले, त्यात जव प्रमुख होता. गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ व वाल हेही होते. कडधान्ये आणि तृणधान्ये सोबतीने घेण्याची पद्धत या भूमीत किती जुनी आहे हे यावरून ध्यानात यावे. नदीचे पाणी वळविण्यासाठी केलेला चर व त्यालगतचा बांधही तेथे सापडला. वरच्या, म्हणजे अखेरच्या काळातील थरांत मात्र प्रशस्त चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, आणि शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्यांवर निर्वाह चालल्याच्या खुणा वाढतात. पाऊसमान कमी होत गेल्याने असे झाले असावे, असा उत्खनन करणाऱ्या विद्वानांचा निष्कर्ष आहे. अवर्षणप्रवण जिल्ह्यातील शेतकऱ्यास याहून जवळचा इतिहास कोणता असेल? अशा थरांवर फावडे पडले की धान्य, चूल आणि झोपडी यांची सरमिसळ होते, व मग त्यांतून काहीही वाचता येत नाही.

हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाही. जावा बेटावर मजपहित राज्याची राजधानी मानले जाणारे त्रोवुलान हे ठिकाण आज शेतकऱ्यांची व वीटभट्टीवाल्यांची वस्ती आहे. तेथेही विटांसाठी माती काढताना जुन्या नगराचे अवशेष नष्ट होत आले आहेत. पोटापाण्याचा व्यवसाय आणि पूर्वजांची ठेव एकाच मातीत असली म्हणजे असा पेच पडतो.

प्रवरेवरच खाली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. 1974 मध्ये तेथील एक भिल्ल ग्रामस्थ झाडाचे मूळ खणत असता त्यास धातूच्या चार वजनदार मूर्ती लागल्या : बैलजोडीचा रथ व त्यात उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक भरले. ही वार्ता बाहेर आली म्हणूनच मूर्ती देशाच्या ठेव्यात जमा झाल्या, आणि 1979 पर्यंत तेथे पद्धतशीर उत्खनन होऊन जोर्वे काळाच्याही खालचे थर उजेडात आले. मूर्ती गुपचूप मोडीत गेल्या असत्या तर हा ठेवा कायमचा हरपला असता.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास सांगावयाचे ते एवढेच. विहीर, शेततळे किंवा पाइपलाइन खोदताना नक्षीची खापरे, राखेचे थर अथवा तोंडास तोंड लावून आडवी पुरलेली दोन मडकी दिसली तर खोदकाम तेथेच थांबवावे. अशा जोडमडक्यांत त्या काळी लहान मुलांचे दफन करीत, धनाची आशा बाळगून ती फोडू नयेत. नेवासे येथील अशाच एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत ओवलेल्या धाग्याचा अंश टिकून राहिला होता; कोणी मडके घाईने रिकामे केले असते तर तो हाती लागला नसता. वस्तू जागेवरून न हलविता तहसील कार्यालयास कळवावे. सापडलेले कळविल्यास सरकार आपल्याला अडकवील, अशी भीती गावोगाव आढळते व तिच्यापायीच पुष्कळ गोष्टी लपविल्या जातात. वस्तुतः 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे मौल्यवान ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक असून न कळविणे हाच अपराध ठरतो. कळविणाऱ्यास मोबदला मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. ही गोष्ट ग्रामसभेत एकदा वाचून दाखवावी, आणि ती पावसाळ्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्यात माती वाहण्याची कामे सुरू होण्याच्या आतच, दाखवावी.