जहांगीर कलादालन

जहांगीर कलादालन : मुंबईतील एक प्रसिद्ध सार्वजनिक कलादालन. काळा घोडा परिसरात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम) आवारात ते वसलेले आहे. सर कावसजी जहांगीर यांनी आपला दिवंगत मुलगा जहांगीर याच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली व १९५२ मध्ये तिचे उद्‌घाटन झाले. ज्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे, ती वास्तू वेगळी होय.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबईतील चित्रकार-शिल्पकारांना आपली कला लोकांपुढे मांडण्याची साधने फारच थोडी होती. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. ग. का. म्हात्रे यांचे मंदिरपथगामिनी हे शिल्प १८९६ मध्ये या सोसायटीच्या प्रदर्शनातूनच प्रकाशात आले, तर १९३७ मध्ये अमृता शेरगिल यांना तिचे सुवर्णपदक मिळाले. तथापि या प्रदर्शनांत परीक्षक मंडळ कलाकृतींची निवड करीत असे आणि निवडल्या गेलेल्या कलावंताची एखाददुसरीच कृती मांडली जाई. त्याच्या समग्र कामाचे दर्शन त्यातून घडत नसे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ने १९४९ मध्ये स्वतःचे प्रदर्शन भरविले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे हे त्याचे सदस्य होत. अशा नव्या प्रयत्नांना कायमच्या जागेची निकड होती. ती या दालनाने भागविली.

कार्यपद्धती : वस्तुसंग्रहालयाप्रमाणे या दालनाचे कार्य संग्रहावर आधारलेले नाही. येथील दालने कलावंतांना वा कलासंस्थांना ठराविक मुदतीसाठी, सामान्यतः एका आठवड्यासाठी, भाड्याने दिली जातात. त्यासाठी अर्ज करावा लागतो. चित्रांच्या चौकटी करणे, ती टांगणे, निमंत्रणपत्रिका व सूचिपत्र छापणे ही कामे बहुधा कलावंतालाच पाहावी लागतात. प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य असल्याने रसिकांबरोबरच विद्यार्थी, नोकरदार व पर्यटकही येथे सहज येतात. कलावंत अनेकदा प्रदर्शनात स्वतः हजर असतो. त्यामुळे प्रेक्षकाला त्याच्याशी प्रत्यक्ष बोलता येते. नुकतेच कलाशिक्षण पूर्ण केलेल्या तरुणांसाठी पावसाळ्यात स्वतंत्र प्रदर्शन भरविण्याचीही प्रथा आहे. भूपेन खख्खर यांचे पहिले एकल प्रदर्शन १९६५ मध्ये येथेच झाले.

या वास्तूत १९६३ मध्ये सुरू झालेली ‘गॅलरी केमोल्ड’ ही खाजगी गॅलरी २००७ मध्ये अन्यत्र हलविण्यात आली. येथील ‘समोवार’ हे उपाहारगृह (१९६४–२०१५) कलावंत व लेखक यांच्या भेटीगाठींचे ठिकाण होते.

महत्त्व व मर्यादा : खाजगी गॅलरी विक्रीची शक्यता जोखून कलावंताची निवड करते, भाड्याच्या सार्वजनिक दालनात मात्र विक्रेत्याचा पाठिंबा नसलेल्या कलावंतालाही वाव मिळतो. गावोगावच्या चित्रकारांना मुंबईत प्रदर्शन भरविण्याचे आकर्षण वाटते ते यामुळेच. परंतु मागणीच्या मानाने जागा अपुरी असल्याने कलावंतांना कित्येक वर्षे प्रतीक्षा करावी लागते. शिवाय भाडे, वाहतूक व छपाई यांचा खर्च विक्री न झाल्यास त्यांच्याच अंगावर पडतो. दालनाबाहेरील पदपथावर कलावंत आपली चित्रे मांडतात, त्यामागे ही जागेची टंचाई हेही एक कारण आहे.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराला (१९६८) जोडून असलेले कलादालनही स्थानिक कलावंतांना उपयुक्त ठरले आहे. अशी दालने जिल्ह्याजिल्ह्यांत वाढल्यास कलावंताला आपल्या गावीच प्रेक्षक लाभेल व मुंबईवरील भारही हलका होईल.