कोणत्या खिडकीवर जायचं, हे सांगणाऱ्या बायका

दिवाळी जवळ आली की आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात देणाऱ्यांचे हात मोकळे होतात. फराळ, साड्या, ब्लँकेटं, पोरांची दप्तरं. या देण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझं मन मात्र कित्येक वर्षांपासून दुसऱ्याच एका मदतीत गुंतलंय. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, फायलींचं कपाट आणि समोर बसलेल्या बाईला ‘तुझा हक्क हा, अर्ज अमक्या खिडकीवर द्यायचा, सोबत हे कागद लागतील, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही’ असं समजावून सांगणारी कार्यकर्ती. अशी केंद्रं दिसतील तिथे मी जाऊन बसते, त्यांची घडीपत्रकं मागून आणते. पोटगीचा अर्ज कसा करावा, वारसनोंद कशी लावावी, वेगळं रेशनकार्ड कसं काढावं. मराठवाड्याच्या गेल्या चाळीस वर्षांचा सामाजिक इतिहास कुणाला लिहायचा असेल, तर त्याने पुढाऱ्यांची चरित्रं नंतर वाचावीत, ही पत्रकं आधी वाचावीत, असं माझं ठाम मत आहे.

सल्ला देणं हीच मदत, हा विचार ब्रिटनमध्ये रुजला तो युद्धाच्या तोंडावर. 3 सप्टेंबर 1939 रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी देशभर सुमारे 200 ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्यूरो’ सुरू झाले. तिथे बसणारे बहुतेक जण स्वयंसेवक. लोकांचे प्रश्न रेशनच्या पुस्तकाचे, बेपत्ता नातेवाइकांचे, थकलेल्या कर्जाचे, बॉम्बने पडलेल्या घराचे. बॉम्बवर्षाव चालू असताना एक केंद्र तर घोडे वाहून नेण्याच्या गाडीत थाटलं होतं आणि जिथे घरं पडली तिथे ती गाडी जात असे. पुढे 1966 मध्ये बेघरांसाठी ‘शेल्टर’ आली, 1970 मध्ये एकट्याने मुलं वाढवणाऱ्यांसाठी ‘जिंजरब्रेड’. त्याच 1970 मध्ये लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागात त्या देशातलं पहिलं लॉ सेंटर उघडलं, तेही एका जुन्या खाटकाच्या दुकानात. हा तपशील मला फार आवडतो. वकील रस्त्याच्या पातळीवर आला. भाजीची पिशवी घेऊन चाललेली बाई सहज आत वळून दोन शब्द विचारू शकते, अशी ती जागा. आपल्याकडची कितीतरी केंद्रं तिसऱ्या मजल्यावर नाहीतर पोलिसांच्या आवारात असतात. सिल्लोड-कन्नडहून पहाटेच्या एसटीने आलेली बाई त्या फाटकापाशी किती वेळ घुटमळते, हे मी पाहिलंय. केंद्र कुठे आहे यावर निम्मं काम ठरतं.

महाराष्ट्राचा इतिहास इथे धावताच सांगते. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. बाबा आढावांची हमाल पंचायत त्याच्याही आधीची. 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांचं मुक्तांगण, 1989 मध्ये दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती. त्याच 1989 मध्ये आपल्या शहरात डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू झालं. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हावा. मला ओढ आहे ती एकट्या बायकांच्या टेबलाची.

एकटी म्हणजे विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली, लग्नच न झालेली. यातली टाकलेली बाई सरकारदरबारी फार काळ नव्हतीच. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा हुकूम असतो. टाकलेल्या बाईकडे काय असतं? ती माहेरी भावाच्या ओसरीवर राहते, रेशनकार्डावर तिचं नाव सासरी असतं आणि सासरचे लोक ते कार्ड तिला दाखवतही नाहीत. 1988 मध्ये संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद घेतली. निशा शिवूरकरांनी या लढ्यावर आयुष्य लावलंय. 1994 मध्ये आपल्या शहरात परित्यक्तांची राज्यव्यापी परिषद झाली. वेगळं रेशनकार्ड, वेळेवर पोटगी, नवऱ्याच्या घरात वाटा, अशा त्या लढ्याच्या मागण्या. त्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण जाहीर झालं. पोटगीचं तेव्हाचं गणित आजच्या मुलींना सांगितलं तर खरं वाटत नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगीला महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती. देशाच्या कायद्यातून ती निघाली 2001 मध्ये.

या कामाचं माझं सगळ्यात आवडतं गाव अंबाजोगाई. डॉ. द्वारकादास लोहिया आणि प्रा. शैला लोहिया या जोडप्याने 1982 मध्ये तिथे ‘मानवलोक’ सुरू केली आणि दोन वर्षांनी शैलाताईंचा ‘मनस्विनी’ महिला प्रकल्प उभा राहिला. शैलाताई मराठीच्या प्राध्यापक, लोकसाहित्याच्या अभ्यासक. बाईच्या ओव्यांतलं दुःख त्यांनी वर्गात शिकवलं आणि तेच दुःख घेऊन दारात आलेल्या बाईला घरात घेतलं. अभ्यास आणि काम असं एका माणसात एकत्र आलेलं क्वचित दिसतं.

अंबाजोगाईला गेलं की योगेश्वरीच्या दर्शनाशिवाय परतायचं नाही, हा माझा नेम आहे. कोकणातली ही देवी परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला आली, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचा दगड झाला आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी कथा तिथे सांगतात. गावाजवळच्या कोरीव लेण्यांतले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असंही सांगतात. लग्न न झालेल्या देवीच्या पायाशी डोकं टेकवणाऱ्या प्रदेशात लग्न मोडलेल्या बाईला हळदी-कुंकवाला बोलवत नाहीत. देवळात उभी असताना हे दर वेळी मला छळतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. त्या ठरावामागे करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी चालवलेलं अभियान होतं. असे ठराव मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाने करावेत आणि पाळावेत.

मराठवाड्यातल्या सल्लागार बायकांची एक पिढी मात्र भूकंपातून तयार झाली. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारी. ज्या गावांचं पुनर्वसन दुसरीकडे झालं ती आपल्याला माहीत असतात. पण हजाराहून अधिक गावांत लोकांनी आपलीच घरं, सरकारच्या हप्त्यांवर, दुरुस्त करून घ्यायची होती. पैसे कसे मिळणार, भिंतीला कुठे काय घालायचं, इंजिनिअर आला तर त्याला काय विचारायचं, हे गावाला समजावणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका तयार केल्या. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. डोक्यावरचा पदर सावरत या बायका घरमालकाला हप्त्याचे नियम सांगू लागल्या, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन खडसावून विचारू लागल्या. पुढे बचत गट, आरोग्याचं काम, ग्रामपंचायत अशा वाटांनी यातल्या कितीजणी पुढे गेल्या. सल्ला देणारं माणूस शिकलेलंच असावं लागतं, हा समज या बायकांनी खोटा ठरवला. ज्याने स्वतः खिडकीसमोर उन्हात ताटकळत दिवस काढलेत, त्याला खिडकीचं शास्त्र पाठ होतं.

ते शास्त्र काय असतं, ते सांगते. संजय गांधी निराधार योजना 1980 ची. निराधार विधवेला आज महिना 1,500 रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असायला हवं किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं. वर्षाला 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. चार घरची धुणीभांडी करणारी बाई या मर्यादेबाहेर जाते. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा तिची मर्यादा अडीच लाख ठरली आणि रक्कम तीच, 1,500. नवरा-बायको दोघंही असलेल्या घराला अडीच लाख आणि कुणीच नसलेल्या बाईला 21,000, हा फरक सरकारने तातडीने मिटवायला हवा. तोवर उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, मृत्यूचा दाखला असे कागद गोळा करत बाई तलाठी, सेतू आणि तहसील यांच्यात फिरते. एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. चांगली कार्यकर्ती तिच्या तीन फेऱ्या वाचवते. एवढंच तिचं काम धरलं तरी ते दानधर्माहून कमी नाही.

दुसरा धडा सातबाऱ्याचा. शेतकरी आत्महत्येनंतर मदत मिळते ती एक लाख रुपये. त्यातले 30,000 रोख आणि 70,000 ठेवीत. पण आधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, थकलं होतं की नाही, हे सगळं तपासलं जातं. सावकार बेपरवाना असेल, जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, तर प्रकरण ‘अपात्र’ ठरू शकतं. तिथून पुढे विधवेची खरी लढाई सुरू होते. हिंदू वारसा कायदा 1956 चा. त्याप्रमाणे पत्नी ही मुलांबरोबरची पहिल्या वर्गातली वारस. गावात मात्र वारसनोंद होताना तिचं नाव कब्जेदार म्हणून न लावता ‘इतर हक्कां’त टाकायची चाल आहे. सातबाऱ्यावर नाव दिसतं, बाई खूश होते. पीककर्जाला बँकेत गेली की कळतं, या नावाला तिथे किंमत नाही. महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे मकामने, मराठवाडा आणि विदर्भातल्या अशा बायकांचं सर्वेक्षण करून हा प्रश्न सरकारपुढे मांडला आणि 2019 मध्ये आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या महिलांसाठी शासनाचा आदेश निघाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्यांनाच सांगितलं होतं की बायकोच्या नावे जमीन करा. जिवंतपणी हे झालं तर मागे राहिलेलीची वणवण वाचते.

त्याच 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सुमारे 82,000 बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,000 हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ही माहिती पुढे आणण्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांचा वाटा मोठा होता, कारण बाई डॉक्टरला जे सांगत नाही ते ओळखीच्या ताईला सांगते.

कोरोनाने एकट्या बायकांची नवी रांग उभी केली. यातल्या बहुतेक तिशी-चाळिशीतल्या, मुलं लहान, नवऱ्याचं कर्ज डोक्यावर, दवाखान्याचं बिल भरलेलं. अकोले इथले शिक्षक-कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी 2021 मध्ये कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती बांधली. तालुक्या-तालुक्यातले शिक्षक, वकील, छोट्या संस्था तिला जोडल्या गेल्या. या समितीच्या रेट्याने सरकारने ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं आणि तालुक्याला समित्या आल्या. बालसंगोपन योजनेची रक्कम तेव्हा महिना 1,100 होती, ती पुढे 2,250 झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर मृताच्या कुटुंबाला 50,000 रुपये जाहीर झाले. आपल्या शहरातल्या एका केंद्रात त्या दिवसांत मी अर्ज भरायला बसत असे. वैजापूर तालुक्यातली एक बाई आली होती. मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचं नाव नव्हतं, सासऱ्याने कागद दाबून ठेवले होते. तिथल्या ताईंनी तिला आधी पाणी दिलं, मग तपासणीचा रिपोर्ट मोबाइलमध्ये आहे का ते विचारलं. रिपोर्ट दिराच्या फोनमध्ये होता. ताईंनी दिराला फोन लावला. आवाज न चढवता, पण हो म्हणवून घेईपर्यंत फोन ठेवायचा नाही अशा बेताने त्या बोलल्या. मी ते संभाषण कान देऊन ऐकत होते. कुठल्याही पुस्तकात ही कला लिहिलेली नाही.

या ताईंचे पगार विचारू नयेत असे असतात. प्रकल्प संपला की मानधन संपतं, आणि दहा वर्षांचा अनुभव घरी जाऊन बसतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवली. आज ते कक्ष राज्यभर आहेत. सरकारने ते स्वीकारले म्हणून टिकले. देणगीदारांना माझी विनंती आहे, यंदा साड्यांऐवजी एखाद्या केंद्रातल्या कार्यकर्तीचा वर्षाचा पगार उचला. नावाची पाटी लागणार नाही, फोटोही निघणार नाही.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याचं कलम 5 मला विशेष प्रिय आहे. बाईची तक्रार कळली की तिला कोणते आदेश मागता येतील, संरक्षण अधिकारी कोण, मोफत वकील मिळू शकतो, हे सांगणं पोलिसांवर आणि न्यायदंडाधिकाऱ्यांवरही बंधनकारक आहे. सल्ला इथे कायद्याचं कर्तव्य झाला. हे कलम मोठ्या अक्षरात प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावायला हवं.

मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे आणि प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी प्राधिकरणाचं कार्यालय असतं. आपल्याकडे ते अदालत रोडच्या बाजूला विचारलं तर कुणीही दाखवेल. या मदतीला अनेकांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीतले बंदी यांना ती नाही. बंगल्यात राहणारी, पण हातात एक रुपया नसलेली बाईही तिथे जाऊ शकते. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं, आणि ते उतरवून घेणं तिथल्या माणसाचं काम आहे.